हाँगकाँगच्या मोकूनमधला गोतावळा

कौलूनकर

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, 'यूट्यूबवर कुंग फूचं सगळं फुकट दिसतं, मग लोक वर्षानुवर्षं शाळेत जाऊन करतात काय?' तिथे चार ओळी लिहायला बसलो आणि आवरेना, म्हणून हा वेगळा धागा.

मी नोकरीनिमित्त हाँगकाँगला असतो आणि इथल्या एका छोट्या मोकूनमध्ये जातो. मोकून म्हणजे कुंग फूची शाळा. आमच्या शाळेचं नाव देत नाही, सिफूंना असलं काही आवडत नाही. पद्धत चोय ली फत. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतातली, लांब हात गरागरा फिरवून मारायची, फटक्याबरोबर 'सिक', 'यिक', 'वा' असं ओरडायची. चान हेउंग नावाच्या माणसाने १८३६ साली किंग मुई या आपल्या गावात ती शिकवायला सुरुवात केली. नावातले चोय आणि ली हे त्याचे दोन गुरू आणि फत म्हणजे बुद्ध. स्वतःचं नाव त्याने कुठेच घातलं नाही. (आपल्याकडे गल्लीतल्या क्लासलाही संचालकांचं नाव फोटोसकट असतं. असो.)

जागा म्हणाल तर शॅम शुई पोमधल्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक खोली. शेजारी कापडाच्या ठाणांचं गोदाम. काठी पुरती फिरवली तर ट्यूबलाइट फुटते, म्हणून काठीचा सराव बागेत.

तिथे गेल्यावर पहिली गोष्ट ही कळते की कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. गुरू ते सिफू, त्यांची बायको सिमो. आपल्या आधी आलेला सिहिंग, आधी आलेली सिजे. नंतर आलेले सिदाय आणि सिमुय. सिफूंचे गुरू म्हणजे सिकुंग, आजोबाच. सिफूंचे थोरले गुरुबंधू सिबाक आणि धाकटे सिसुक. यात वय बघत नाहीत, कोण किती चांगला लढतो तेही बघत नाहीत. दारातून आत कोण आधी आलं, एवढंच.

माझा एक सिहिंग माझ्या पुतण्याच्या वयाचा आहे, दिवसा कुरिअरची पार्सलं पोचवतो. सराव संपला की आम्ही खाली काँजी (भाताची पेज) खायला जातो. तिथे किटली माझ्या हातात, आणि कप आधी त्याचा भरायचा. तो बोलणं न थांबवता दोन बोटांनी टेबलावर टकटक करतो, ही इथली आभार मानायची रीत. बिल मात्र तोच देतो. मी पाकीट काढलं तर चिडतो. थोरला तो आहे ना!

याहून गंमत म्हणजे आमच्या सिकुंगनी म्हातारपणी एक शेवटचा शिष्य घेतला. अशा शिष्याला 'दार लावणारा' म्हणतात, त्याच्यानंतर गुरू कुणालाच घेत नाही. तो आता तिशीत आहे आणि नात्याने आमच्या सिफूंचा धाकटा भाऊ लागतो. आमच्यातले एक निवृत्त टॅक्सीवाले, सत्तरीला टेकलेले, त्याला उठून उभं राहून 'सिसुक' म्हणतात. तो बिचारा लाजून अर्धा होतो. जेवणावळीत आमच्या टेबलावर बसायचं टाळतो, कारण बसला की सगळे पुतणे मिळून त्याच्या वाटीत एवढं वाढतात की त्याला उठता येत नाही.

फी भरून येणारा प्रत्येक जण शिष्य नसतो. फी भरणारा तो विद्यार्थी. शिष्य व्हायला 'बाय सी' करावं लागतं, आणि ते आपण मागायचं नसतं. सिफू कुणा सिहिंगकरवी सुचवतात. कित्येक जण वर्षानुवर्षं येतात आणि त्यांना कधीच विचारलं जात नाही, तेही कुरकुर न करता येत राहतात. विधी साधा आहे. भिंतीवर पूर्वजांचे फोटो आणि क्वान कुंगचा देव्हारा. आधी तिथे उदबत्त्या लावायच्या. मग लाल कागदावर लिहिलेला अर्ज वाचायचा. मग गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी चहाचा कप सिफूंना, नंतर सिमोंना. ते एक घोट घेतात, झालं. घोट घेईपर्यंत तुम्ही कुणी नसता. कपाबरोबर लाय सी म्हणजे लाल पाकीट द्यायचं, सिफूही उलट काहीतरी देतात. सगळे सिबाक-सिसुक साक्षीला बसलेले असतात, कारण उद्या 'हा आमचा' म्हणून त्यांनाही तुम्हाला ओळख द्यायची असते.

सिमोंबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. आमच्या सिमोंना एक ठोसाही मारता येत नाही. पण कुणाची आई इस्पितळात आहे, कुणाची नोकरी गेली, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं त्यांना माहीत असतं. मोकून खरं कोण चालवतं हे नव्या पोराला महिन्याभरात कळतं.

आणि दित दा जाव! मार लागला की चोळायचा काढा. वनौषधी तांदळाच्या दारूत महिनोन् महिने मुरवतात. प्रत्येक घराण्याची कृती वेगळी आणि ती कुणी सांगत नाही. आमच्याकडे तपकिरी काचेची मोठी बरणी आहे, झाकण उघडलं की जुन्या आयुर्वेदिक दुकानात शिरल्यासारखा वास येतो. हातावर ओतून दोन्ही तळवे गरम होईपर्यंत घासायचे आणि मग मुका मार लागलेल्या जागी अंगठ्याने रगडायचं. रगडणारा सिहिंग असेल तर ओरडायची सोय नाही. पूर्वीचे बरेच सिफू हाडवैद्यच होते. हुंग गार पद्धतीचे प्रसिद्ध वाँग फेई-हुंग (१८४७–१९२५) यांचं ग्वांगझूमधलं पो ची लाम हे औषधालयच होतं. पोट त्यावर चालायचं, कुंग फूवर नाही.

सिंहनाच, म्हणजे दोन माणसं मिळून सिंह होऊन नाचतात तो, त्याबद्दल लिहायचं राहिलंच, पण आता झोप येतेय.

---

चहाबाज

वा! पुढील भागाच्या प्रतीक्षेत. सिंहनाच येऊ द्या लवकर.

---

लालमाती

कौलूनकर, वाचताना तालीमच डोळ्यांपुढे आली राव. आमच्या तालमीत मारुतीला उदबत्ती लावल्याशिवाय लांग कसत नाहीत, आणि वस्ताद म्हणतील ती पूर्व दिशा. पण एक सांगा. मातीत उतरलं की दोन मिनिटांत कळतं कोण भारी. नव्या पोराने जुन्याला चितपट केलं की जुना गप बसतो. तुमच्याकडे आधी आला म्हणून कायमचा थोरला? मग तो लढायला कच्चा असला तर?

---

कौलूनकर

लालमाती, एकदम वर्मावर बोट ठेवलंत. जेवणाच्या टेबलावर तो थोरलाच. सरावात समोर आला तर मात्र फटका फटकाच असतो, तिथे कुणी मुद्दाम हरत नाही. पण हरलेला सिहिंग उठून तुम्हाला 'कोपर खाली ठेव' असं सांगतो आणि तुम्ही ऐकता. हे आपल्या माणसाला पचायला जड जातं, मलाही गेलं.

पूर्वी भारी कोण याचा निकाल शाळेबाहेर लागायचा. १९५०-६० च्या दशकात इमारतींच्या गच्च्यांवर वेगवेगळ्या शाळांची पोरं चोरून लढायची, त्याला 'बेइमो' म्हणत. यिप मान (१८९३–१९७२) फोशानहून इथे आले तेव्हा हाती पैसा नव्हता. १९५० साली त्यांनी याच शॅम शुई पोमध्ये हॉटेल कामगारांच्या युनियनच्या जागेत विंग चुन ही आपली पद्धत शिकवायला घेतली. त्यांची पोरं गच्च्यांवर जिंकू लागली आणि नाव झालं. त्यांत वाँग शुन-लेउंग सगळ्यांत गाजला, आणि ब्रूस ली ज्यांच्या हाताखाली घडला त्यांतला तो एक. पुन्हा नात्यांचीच गोष्ट बघा: ब्रूस ली यिप मान यांचा शिष्य खरा, पण रोजचा घाम सिहिंगांबरोबर गाळलेला. सगळ्याच मोकूनमध्ये असं असतं. सिफू कोपऱ्यात पेपर वाचत बसतात, शिकवतो सिहिंग.

जाहीर लढतही झाली एकदा, तिची गंमत वेगळीच. शेक किप मेईच्या झोपडपट्टीला १९५३ च्या नाताळात आग लागली, पन्नास हजारांवर माणसं उघड्यावर आली. त्यांच्या मदतीसाठी जानेवारी १९५४ मध्ये तिकीट लावून सामना ठेवला: ताय ची वाले वू कुंग-यी, पन्नाशी ओलांडलेले, आणि पांढरा बगळा पद्धतीचे चान हाक-फू, तिशीतले. हाँगकाँगात परवानगी नव्हती म्हणून मकाऊला. एकाच्या नाकातून रक्त आलं, लाथा झाडल्या गेल्या आणि पंचांनी सामना थांबवून निकालच दिला नाही. दोन्ही घराण्यांची अब्रू राहिली. पण शहरभर एवढी हवा झाली की तीनच दिवसांत एका वर्तमानपत्राने तलवारबाजीची क्रमशः कादंबरी सुरू केली, आणि आधुनिक चिनी वीरकथांची लाट तिथून उठली.

---

शंकासुर

चांगलं लिहिलंय, पण थोडं पाणी ओततो. गुडघ्यांवर बसा, चहा द्या, पाकीट द्या, भांडी घासा, आणि गुरूने सुचवेपर्यंत तोंड उघडू नका. हे आपल्याकडच्या गुरुबाजीपेक्षा वेगळं कसं? आणि पाकिटात किती टाकायचे असतात, तेही कळू द्या.

---

कौलूनकर

पाकिटातली रक्कम सम असावी, चारचा आकडा नसावा, नोटा कोऱ्या असाव्यात. किती ते ज्याच्या त्याच्या ऐपतीवर. आमच्याकडे जवळजवळ प्रतीकात्मक असते. परदेशी पाहुण्यांना चार दिवसांत 'शिष्य' करून सर्टिफिकेट हातात देणारे आणि त्याचे भरपूर पैसे घेणारेही आहेत, नाही असं नाही. इथले जुने लोक त्यांच्याबद्दल काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गुरुबाजीचं म्हणाल तर धोका आहेच. पण बाय सी केल्यावर बोजा दोन्ही बाजूंनी पडतो. शिष्याने बाहेर माती खाल्ली तर सिफूंना जाब विचारला जातो. शिष्याच्या लग्नात सिफूंना आईवडिलांच्या बरोबरीने चहा दिलेला मी पाहिलाय. आणि सिफू गेले की अंत्यविधीत शिष्य मुलांच्या ओळीत उभे राहतात. चिंग मिंगला, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला, आम्ही सगळे डोंगरावर सिकुंगच्या कबरीवर जातो. गवत काढायचं, दगडावरची अक्षरं लाल रंगाने पुन्हा गिरवायची, भाजलेलं डुक्कर आणि फळं मांडायची, तीनदा वाकायचं, आणि मग तिथेच बसून ते डुक्कर खायचं. कुरकुरीत कातडीवरून होणारी भांडणं हीच आमच्या घराण्यातली खरी बेइमो.

मला खटकणारी गोष्ट दुसरीच आहे. लपवालपवी. 'ही शेवटची चाल फक्त घरातल्या शिष्याला' असं करत करत कित्येक म्हाताऱ्यांनी अर्धी विद्या बरोबर नेली. आणि एका सिफूंच्या मागे खरा वारस कोण यावरून गुरुबंधू कोर्टात जायचे बाकी ठेवतात. एकाच गुरूचे दोन शिष्य एकमेकांच्या जेवणावळीला जात नाहीत, आणि आम्ही धाकट्यांनी कुणाला नमस्कार करायचा हे आधी सिमोंना विचारून घ्यायचं.

---

रानजाई

कौलूनकर, लपवालपवीवरून चिन वूचं सांगायलाच हवं. मी क्वालालंपूरला असते. इथे टेकडीवर चिन वू स्टेडियम आहे, १९५३ चं. चिन वूची मूळ संस्था शांघायची, १९१० ची, हुओ युआनजिया या कुंग फूच्या गुरूंच्या नावाशी जोडलेली. त्याच वर्षी ते वारले, त्यामुळे पुढचं सगळं उभं केलं ते व्यापारी आणि शिकलेल्या तरुणांनी. त्यांनी हेच मोडायचा प्रयत्न केला. एकाच छताखाली उत्तरेच्या-दक्षिणेच्या अनेक पद्धती, ठरलेला अभ्यासक्रम, छापील पुस्तकं, आणि मुलींना प्रवेश. १९२० च्या आसपास त्यांचे लोक बोटीने इकडे आले आणि मलाया-सिंगापुरात शाखा निघाल्या. मुली व्यासपीठावर तलवार फिरवताना बघून त्या काळच्या चिनी समाजात खळबळ उडाली म्हणतात.

तरीही मेजाभोवतीची नाती काही गेली नाहीत हं. माझी मुलगी इथल्या एका सिंहनाचाच्या पथकात आहे. तिला पहिले कितीतरी महिने फक्त झांजा दिल्या होत्या. आधी झांजा, मग घंटा, मग शेपूट, मग डोकं. ढोल सगळ्यांत शेवटी, कारण सिंह ढोलाच्या हुकमावर चालतो. आता ती शेपूट आहे. शेपूट म्हणजे तासभर कमरेत वाकून, डोक्यावर कापड, समोर फक्त पुढच्याचा पट्टा दिसतो, आणि तो उडी मारणार म्हटलं की त्याला कमरेला धरून उचलायचं. घरी येते तेव्हा पाठीवर हात ठेवू देत नाही. पूर्वी मुलींना सिंहाच्या डोक्याला हातही लावू देत नसत, हे तिला सांगितलं तर विश्वास ठेवत नाही.

मलेशियातल्या पथकांनी हा प्रकार खांबांवर नेला. दोन-अडीच मीटर उंच लोखंडी खांब, त्यांवर ताटलीएवढ्या चकत्या, आणि दोन माणसांचा सिंह एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो. मुआरच्या कुन सेंग केंगने यात किती जागतिक किताब मिळवले याची मोजदाद मी सोडून दिली आहे. मी मात्र सामना बघायला जात नाही. डोळे मिटूनच बसायचं तर घरी बसलेलं बरं.

---

तिरकस

सिनेमात तर कुंग फूची शाळा म्हटली की मागच्या दाराने ट्रायड, म्हणजे गुंडांच्या टोळ्या. तुमच्या मोकूनचं मागचं दार कुठे उघडतं कौलूनकर? (हलके घ्या.)

---

कौलूनकर

मागच्या दाराने कापडाचं गोदाम लागतं, सांगितलं ना!

पण प्रश्न अगदीच वेडगळ नाही. बऱ्याच दक्षिणी घराण्यांची दंतकथा, म्हणजे दक्षिणेतला शाओलिन मठ जळाला आणि पाच जण निसटले, ही छिंग राजवटीविरुद्धच्या गुप्त मंडळांच्या दंतकथेशी जुळते. ट्रायडही स्वतःला त्याच मंडळांचे वारस म्हणवतात. क्वान कुंग हा तर सगळ्यांचाच. तिसऱ्या शतकातला सेनापती, शपथेचे भाऊ लाऊ पेई आणि चेउंग फेई यांच्याशी शेवटपर्यंत इमान राखणारा. गुंडही त्याला मानतात आणि हाँगकाँगच्या पोलिस ठाण्यांतही त्याचा देव्हारा असतो. बिचाऱ्याला दोन्ही बाजूंच्या उदबत्त्या पोचतात.

याच पायी इथे सार्वजनिक जागी सिंहनाच करायला पोलिस आयुक्तांचा परवाना लागतो. सिंह, ड्रॅगन, किलिन (दंतकथेतला एक प्राणी) तिन्हींना, बरोबर कुंग फूचं प्रात्यक्षिक असलं तर त्यालाही. एके काळी दोन शाळांचे सिंह एका गल्लीत समोरासमोर आले की मारामारी ठरलेली. त्याचेही नियम होते. सिंहाने डोकं वर ताणलं तर ते आव्हान. नवख्या पथकाने डोकं खाली ठेवून जुन्याला वाट द्यायची. काळा सिंह चेउंग फेईचा, भांडकुदळ. लाल क्वान कुंगचा, पिवळसर रंगीबेरंगी लाऊ पेईचा. काळा घेऊन बाहेर पडणं म्हणजे 'या कोण येतंय' असं म्हणणं. आमच्याकडे एक जुना काळा सिंह आहे, तो कपाटावरून खाली येत नाही.

नवा सिंह आणला की आधी डोळे उघडायचे. शेंदरासारखा लाल रंग कालवून कुणी मानाची व्यक्ती कुंचल्याने बुबुळांवर ठिपके देते, शिंगाला लाल फीत बांधतात, आणि मग ढोल वाजतो. त्याआधी तो कागद आणि बांबू, त्यानंतर त्याच्यावरून पाय ओलांडायचा नाही.

नववर्षात दुकानदार दारावर उंच लेट्यूसचा गड्डा टांगतात, आत लाल पाकीट. कँटनीजमध्ये लेट्यूसचं नाव 'पैसा वाढो' असं ऐकू येतं, म्हणून तोच. सिंह येतो, वास घेतो, घाबरतो, मागे सरतो, पुन्हा येतो. हा भाग जितका लांबवाल तितकं कौशल्य. शेवटी पुढचा माणूस मागच्याच्या खांद्यावर चढतो, सिंह गड्डा तोंडात घेतो, चावून पानं चौफेर उधळतो, आणि पाकीट आत गायब. पानं अंगावर पडलेली माणसं खूश. फटाक्यांची लड मात्र हाँगकाँगात नाही, १९६७ च्या दंगलींपासून फटाक्यांवर बंदी आहे.

त्या पाकिटांतून वर्षाच्या भाड्याचा मोठा भाग निघतो. हे कुणी मोठ्याने बोलत नाही, पण विद्यार्थ्यांच्या फीवर या शहरात मोकून टिकूच शकत नाही. म्हणून नववर्षात कुणी 'गावाला जातो' म्हणालं की सिहिंग त्याच्याकडे असं बघतो की तिकीट रद्द केलेलं बरं.

---

ऋग्वेदी

सगळं ठीक, पण मूळ मुद्दा कुणीच मांडत नाही. कुंग फू भारतातून गेलं. बोधिधर्म हा कांचीपुरमचा राजपुत्र, त्याने शाओलिनच्या भिक्षूंना शिकवलं. चिनी लोक हे मान्य करतात, आपणच विसरतो.

---

जुनीपोथी

ऋग्वेदी, हे इतक्यांदा येतं की एकदाच नीट लिहून ठेवतो.

बोधिधर्म भारतीय होता याला बऱ्यापैकी आधार आहे. त्याच्या चरित्राचा एक जुना लेखक त्याला दक्षिण भारतातल्या राजाचा मुलगा म्हणतो. पण सगळ्यांत जुना उल्लेख, ५४७ च्या सुमाराचा, त्याला इराणकडचा म्हणतो. त्याने कुणाला लढायला शिकवलं असं त्या जुन्या साधनांत कुठेही नाही. तो ध्यानाचा माणूस.

शाओलिनचे भिक्षू लढले हे मात्र पक्कं. ६२१ साली त्यांनी ली शिमिनला, जो पुढे थांग सम्राट झाला, लढाईत मदत केली, आणि ७२८ च्या शिलालेखावर ते कोरलेलं आहे. त्यातही बोधिधर्माने युद्धविद्या शिकवल्याचा शब्द नाही. हा संबंध जुळतो तो 'यी जिन जिंग' नावाच्या व्यायामाच्या पोथीमुळे. ती १६२४ ची. तिला जुनेपणा यावा म्हणून थांग काळातल्या सेनापतीच्या नावाने प्रस्तावना जोडली आहे, आणि तिच्यात कालविपर्यास इतके की चिनी विद्वानांनीच ती बनावट ठरवली. १९३० च्या सुमारास इतिहासकार थांग हाओ यांनी हा सगळा बोधिधर्म-पुराणाचा फुगा फोडला, आणि त्यासाठी त्यांना कुंग फूवाल्यांकडून मार खायची पाळी येणार होती म्हणतात.

मोकूनच्या भिंतीवर ता मो म्हणजे बोधिधर्माचं चित्र असतं ते श्रद्धेपोटी. श्रद्धेला हरकत नाही.

---

ऋग्वेदी

पाश्चात्त्यांनी लिहिलेला इतिहास. चालू द्या.

---

जुनीपोथी

थांग हाओ सूझौचे हो!

---

चहाबाज

शाओलिनचं निघालंच आहे तर, कौलूनकरांनी लिहिलेलं हे गोतावळ्याचं तिथेही असतं का? माझ्या भाच्याला तिकडे पाठवायचं त्याच्या आईच्या डोक्यात आहे.

---

कौलूनकर

चहाबाज, मठ वेगळा आणि त्याच्या पायथ्याशी डंगफंग शहरातल्या निवासी शाळा वेगळ्या. त्यांतली सगळ्यांत मोठी तागोऊ, १९७८ ची, तिथे हजारोंनी मुलं राहतात. पहाटे उठून पळायचं, दिवसाचे तासन् तास सराव, बाकी वेळात शालेय अभ्यास. बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनात दिसलेल्या ताय चीच्या रांगा तिथल्याच मुलांच्या. पुढे पोलिस, सैन्य, सुरक्षारक्षक, क्रीडाशिक्षक, सिनेमा. तिथे वर्ग आणि प्रशिक्षक असतात, सिमो नसतात. भाचा किती वर्षांचा आहे? दहा-बाराचा असेल तर आईला आधी एकदा स्वतः जाऊन बघायला सांगा. वेबसाइटवरच्या फोटोंत थंडी दिसत नाही.

---

माझगावकर

मी नेहमी वाचनमात्र, पण इथे राहवलं नाही. क्वान कुंग आपल्या मुंबईतही आहे. डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ, नवाब टँक रोडला, सी यप कून नावाचं चिनी देऊळ. १९१९ चं. बाहेरून बघाल तर साधं दुमजली घर, लाल दार. वरच्या मजल्यावर क्वान कुंग. गोदीत बोटींवर काम करणाऱ्या कँटनीज खलाशांनी बांधलेलं. आमच्या लहानपणी आजूबाजूला चिनी घरं होती, १९६२ नंतर बरीच गेली, कुणी कॅनडाला, कुणी कुठे. आता एक कुटुंब देऊळ सांभाळतं. चिनी नववर्षाला मध्यरात्री दार उघडं असतं, लाल मेणबत्त्या, उदबत्त्यांचा धूर एवढा की डोळे चुरचुरतात. नळकांड्यातून काड्या हलवून भविष्य बघतात. आत फोटो काढण्याआधी विचारायचं.

---

कौलूनकर

माझगावकर, तुमचा प्रतिसाद आमच्या सिफूंना वाचून (म्हणजे जमेल तसं सांगून) दाखवला, आणि मोकूनमध्ये एकच गडबड झाली. कारण सी यप म्हणजे 'चार परगणे', त्यांतला एक सुनवुई, आणि चान हेउंगचं किंग मुई गाव सुनवुईतलंच. म्हणजे माझगावचं देऊळ बांधणारे खलाशी आमच्या घराण्याच्या मूळ पुरुषाच्या गाववाल्यांपैकी! याच चार परगण्यांतून माणसं सॅन फ्रान्सिस्कोला रेल्वे बांधायला गेली, ऑस्ट्रेलियात सोन्याच्या खाणींवर गेली, आणि काही तुमच्याकडे उतरली. ती जिथे गेली तिथे क्वान कुंग गेला.

सिफूंनी लगेच विचारलं, तिथे सिंह नाचतो का? मला सांगता आलं नाही.

---

माझगावकर

मी तरी आमच्याकडे नाचताना पाहिला नाही, माणसं फारच थोडी राहिली. सिंह बघायचा तर कोलकाता. टँग्रा आणि टिरेटा बाजारात नववर्षाला पथकं निघतात, पहाटेचा चिनी नाश्ताही तिथेच.

---

लालमाती

एक शेवटचं. जेवणावळीचं म्हणालात, त्यात शाकाहारी माणसाची काय सोय? घरून प्रश्न आलाय, पुढच्या वर्षी हाँगकाँगला यायचं चाललंय.

---

कौलूनकर

बिनधास्त या. जेवणावळ हॉटेलात असते, बारा-बारा जणांची गोल टेबलं. सहाची वेळ सांगतात आणि आठला पहिलं ताट येतं. तोवर म्हातारे माजोंग खेळतात आणि आम्ही प्रात्यक्षिकांसाठी टेबलं सरकवतो. मधोमध अख्खं भाजलेलं डुक्कर, डोळ्यांच्या जागी लाल चेरी किंवा दिवे, तेवढं वहिनींना आधी सांगून ठेवा.

शाकाहारीसाठी 'लो हान चाय' मागायचं, भिक्षूंची मिसळभाजी: मशरूम, टोफूची पातळ पापडी, चायनीज कोबी, काचेसारख्या शेवया. नववर्षाच्या पहिल्या दिवशी बरेच कँटनीज लोक स्वतःच हे खातात. फक्त 'ऑयस्टर सॉस नको' हे वेगळं सांगावं लागतं, नाहीतर तो भाजीच समजून घालतात. तारीख ठरली की व्यक्तिगत निरोप करा, सिमोंना आधी कळवलं की त्या स्वयंपाकघरात जाऊन स्वतः बजावतात.